बसा की, सर

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी सिमेंटचं एक बाकडं आहे आणि बाकड्यापासून चार पावलांवर चहाचा गाडा. नांदेडात अशा कॉलन्या पुष्कळ, त्यामुळं नाव सांगत नाही. शिवाय बाकड्याच्या पाठीवर ज्यांचं नाव रंगवलंय, त्यांचा पुन्हा उभं राहायचा विचार चालू आहे म्हणे. उभं राहणाऱ्यानं दुसऱ्यांच्या बसण्याची सोय करावी, हा आपल्या लोकशाहीतला जुना संकेत आहे.

गेल्या सहा वर्षांत त्या बाकड्यावर मी दोनदा बसलो. एकदा बुटात खडा गेला होता आणि एकदा मी कॉलनीत नवीन होतो. चहाला रोज बसतो ते रंगाच्या डब्यावर. डबा वीस लिटरचा, डिस्टेंपरचा. मूळचा पांढरा होता असं जुने लोक सांगतात. कडी गेली, झाकण गेलं, कंपनीचं नावही घासून गेलं. आता तो उलटा पडलेला असतो. मी दिसलो की गाड्यावरचे मामा खांद्यावरचं फडकं ओढतात, डब्याच्या बुडावर दोनदा झटकतात आणि म्हणतात, "बसा की, सर." फडक्यात सकाळपासूनचा चहा मुरलेला असतो, त्यामुळं डबा त्यानं स्वच्छ होतो असं काही नाही. पण झटकण्याआधी तो डबा असतो आणि झटकल्यावर ती खुर्ची होते. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करतात, तशातलाच प्रकार. न झटकलेल्या डब्यावर आपण होऊन बसणारा माणूस एक तर फार जवळचा असतो किंवा उधारीवाला.

बाकड्यावर कुणी का बसत नाही, याचा मी बराच विचार केलाय. डब्यावर बसून विचार चांगला होतो. पहिलं कारण, बाकड्याचं तोंड भिंतीकडे आहे. आणि तोंड भिंतीकडे आहे कारण पाठीवर नाव आहे, आणि नाव रस्त्यावरून वाचता आलं पाहिजे. त्यामुळं बसणाऱ्यानं रस्त्याकडे पाठ करून, समोरच्या भिंतीवरची 'येथे लघुशंका करू नये' ही सूचना वाचत बसायचं. ती वाचून वाचून माणसाला नेमकं तेच आठवतं. दुसरं कारण ऊन. मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. दुपारी बारानंतर त्या सिमेंटवर जो बसेल त्याला भाकरीच्या आयुष्याची थोडी कल्पना येईल. लिंबाची सावली आहे, पण ती सकाळी बाकड्याच्या अलीकडे असते आणि संध्याकाळी पलीकडे. दुपारी ती बाकड्यावरून जाते खरी, पण जाता जाता. सावली सरकते आणि बाकडं चार फूट खोल सिमेंटात गाडलेलं आहे. गाडलं नसतं तर ते लोकांनी हलवलं असतं, म्हणजे त्याचा उपयोग झाला असता.

डबा मात्र सावलीच्या मागं मागं फिरतो. सकाळी आठला लिंबाच्या बुंध्याशी, दहाला गटारावरच्या फरशीवर, दुपारी झेरॉक्सवाल्याच्या अर्ध्या शटरखाली, चारला पुन्हा रस्त्यावर. मला तर डबा कुठं आहे त्यावरून किती वाजले ते कळतं. आमच्या सौभाग्यवतींनाही कळतं, आणि मी अजून कॉलेजात कसा गेलो नाही हेही कळतं.

विल्यम व्हाइट नावाच्या एका अमेरिकन गृहस्थांनी न्यूयॉर्कमधल्या उंच इमारतींसमोरच्या मोकळ्या जागांवर कॅमेरे लावून लोक कुठं बसतात आणि कुठं बसत नाहीत याचा काही वर्षं अभ्यास केला. 1980 साली त्याचं पुस्तक आलं. त्यांचा मोठा निष्कर्ष असा, की जिथं बसायला जागा असते तिथं लोक बसतात. एवढं कळायला कॅमेरे लागले हे ऐकून मामा अर्धा मिनिट चहा ढवळायचा थांबले. पण व्हाइटसाहेबांनी आणखी एक गोष्ट टिपलीय, ती खरी बारकी. हलवता येणारी खुर्ची दिसली की माणूस बसण्याआधी ती चार बोटं सरकवतो. ऊन तेच, वारा तोच, समोरचा देखावाही तोच, तरी सरकवतो. हे वाचताना मला घाम फुटला, कारण मी रोज डबा सरकवतो. मामांनी ठेवलेला डबा पायानं इतकासा ढकलल्याशिवाय तो माझा होतच नाही. न्यूयॉर्क आणि नांदेड यांच्यात एवढं साम्य असेल असं वाटलं नव्हतं.

बसण्याच्या बाबतीत आपली भाषाही गप्प बसलेली नाही. आपण परीक्षेला बसतो, उपोषणाला बसतो, गणपती बसवतो, घटी बसतो. सोयाबीनचा भाव बसतो, विहीर बसते, घसा बसतो, धंद्याचं बस्तान बसतं आणि नंतर धंदाच बसतो. 'मग, कधी बसायचं?' असं एका पुरुषानं दुसऱ्याला हळू आवाजात विचारलं, तर त्याचा खुर्चीशी काही संबंध नसतो. आणि मराठवाड्यात तर माणूस भेटला की नमस्काराच्या आधी 'बसा की' येतं. भर चौकात, बसायला काही नसताना येतं. एकदा म्हटलं की बसण्याची वस्तू शोधून काढणं ही म्हणणाऱ्याची जबाबदारी. दगड, टायर, तेलाचा पत्र्याचा डबा, टमाट्याचं कॅरेट, विजेचा पडलेला खांब, काही ना काही निघतंच. आमच्या शहरांचं सगळं फर्निचर या एका शब्दाची अब्रू राखण्यासाठी जन्माला आलंय. पडलेल्या खांबाचं तर विशेष. सिमेंटचा खांब रस्त्याच्या कडेला आणून टाकतात आणि उभा करायचा विसरतात. तीस फूट लांबीचं असं सलग बाकडं कुठल्याही निधीतून होत नाही. आमच्याकडचा एक खांब जेव्हा अखेर उभा केला, तेव्हा लोकांना वीज आल्याचा आनंद कमी आणि म्हाताऱ्यांची बैठक मोडल्याचं दुःख जास्त झालं.

खरं म्हणजे नांदेडसारख्या शहराला आसनाचं महत्त्व कुणी सांगायला नको. शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आमच्याकडे आहे, हजूर साहिब. तख्त म्हणजे सिंहासनच. 2008 मध्ये शहरात जो सगळ्यात मोठा सोहळा झाला, त्याचं नाव गुरु-ता-गद्दी. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी इथं गुरुपदाची गादी ग्रंथसाहिबांकडे सोपवली, त्याला तीनशे वर्षं झाली म्हणून. त्या निमित्तानं केंद्राचा निधी आला, रस्ते रुंद झाले, गोदावरीचे घाट बांधले गेले. घाटाच्या पायऱ्या हे नांदेडला मिळालेलं सर्वोत्तम फर्निचर, कारण त्यांचं तोंड नदीकडे आहे. पायऱ्यांच्या पाठीवर नाव लिहायला जागा नसते, त्याचा हा फायदा. रुंदीकरणात जुन्या घरांचे ओटे मात्र गेले. मग लोक रात्री जेवणं झाली की नव्या रस्त्याच्या डिव्हायडरवर येऊन बसायला लागले. दोन्ही बाजूंनी गाड्या, मधे फूटभर सिमेंट, त्यावर आजोबा, सून, लेकरू आणि कुल्फी. वारा चांगला लागतो म्हणतात. लागणारच, ट्रकचा असतो.

आणि त्याच शहरात लंगर आहे. तिथं कलेक्टर येवो की कंडक्टर, दोघांनी एकाच पट्टीवर मांडी घालून बसायचं. तिथं कुणी कुणासाठी फडकं झटकत नाही. पंगत हा शब्द आपलाही आहे, पण आपल्या पंगतीत वाढपी कुठून सुरुवात करतो यावरून तीन पिढ्यांची भांडणं चालू आहेत. गावचा पारही तसाच. पाराच्या गप्पांवर हळवं होऊन लिहिणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की पार सगळ्यांचा होता असं म्हणणारे बहुतेक त्याच्यावर बसलेले असत. खाली कुणी बसायचं, लांब कुणी उभं राहायचं, हे बोलून न दाखवता ठरलेलं होतं. रंगाच्या डब्याला असा काही इतिहास नाही. त्याच्यावर कुणाचे आजोबा बसलेले नसतात.

सगळ्यात मोठी आसनव्यवस्था म्हणजे मोटारसायकली. बंद मोटारसायकल हे वाहन नव्हेच, तो दीड माणसाचा कोच आहे. सायंकाळी नांदेडातल्या भाग्यनगर किंवा श्रीनगरच्या बाजूनं चक्कर मारली तर निम्म्या गाड्यांवर बसलेले लोक त्यांचे मालक नसतात. तरीही गाडीवर बसण्याचे नियम मनुस्मृतीपेक्षा कडक. ओळखीच्या गाडीवर दोन्ही पाय एका बाजूला सोडून, आरशात भांग बघत बसावं. अनोळखी गाडीवर नुसतं टेकावं, एकच पाय अधांतरी. पूर्ण वजन टाकलं तर तो कब्जा समजला जातो. गाडीवाला आला की अर्धवट उठायचं आणि विचारायचं, "तुमची का?" त्यानं हातात किल्ली असताना, घाई असताना, बायको पिशव्या घेऊन मागं उभी असताना म्हणायचं, "बसा, बसा." मग आपण खरंच बसून राहिलो तर काय होईल, हा प्रयोग आमच्या एका प्राध्यापक मित्रानं करून पाहिला. तो गाडीवाला सात मिनिटं उभा होता आणि शेवटी म्हणाला, "सर, मी नंतर येऊ का?"

नव्या मोंढ्यात बसण्याचं शास्त्र वेगळं. तिथं पोत्यांवर बसतात आणि जाणकार हमालाला न पाहता, नुसतं बुड टेकून आतला माल सांगता येतो. सोयाबीनचं पोतं आधी नाही म्हणतं, मग हळूहळू आपला आकार घेतं. कापसाची गाठ दिसते मऊ, पण असते दगड. हरभरा टोचतो. हळदीच्या पोत्यावर मात्र बसू नये. मी एकदा बसलो आणि तसाच सासुरवाडीला गेलो. पँटीला मागून हळद लागलेला जावई बघून गल्लीत जो अर्थ काढला गेला, तो निस्तरायला दोन दिवस लागले. आडतीत आत गादी असते, पांढरीशुभ्र, लोड-तक्क्यासकट. शेतकरी त्या गादीच्या कडेला चार बोटं जागेवर टेकतो, म्हणजे सगळं वजन त्याच्या स्वतःच्या गुडघ्यांवरच असतं. तीच चार बोटं जागा मी बँकेतही पाहिलीय. त्या माणसाला कधीतरी तक्क्याला रेलून बसलेलं बघायचंय.

सासुरवाडी लातूरची आहे हे आता सांगून टाकतो. नांदेडच्या माणसानं लातूरची बायको करावी की नाही, हा प्रश्न भावनेपेक्षा प्रशासनाचा आहे. 2009 मध्ये नवीन विभागीय आयुक्तालय नांदेडला करायचं ठरलं, तेव्हा लातूर पेटलं होतं. आमच्या घरातही दोन दिवस चूल पेटली नाही. आयुक्तांना कुठं बसवायचं हा वाद तेव्हापासून चालू आहे आणि आयुक्त अजून छत्रपती संभाजीनगरातच बसलेत.

लातूरला जायचं म्हणजे लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीनं. एसटीत बसायला तिकीट लागतं हा शहरी गैरसमज आहे. लागते ती दस्ती. आमच्याकडे रुमाल डोक्याला बांधतात, खिशात असते ती दस्ती. हैदराबादेहून आलेला हा शब्द निजाम गेला तरी खिडकीतून आत जायचा थांबलेला नाही. गाडी स्टँडात शिरली की धावत धावत खिडकीतून दस्ती टाकायची. ती पडली तिथं आपली जागा. दस्ती नसेल तर टोपी, पिशवी, पेपर, अगदीच वेळ आली तर लेकरू. एकानं घाईत चष्मा टाकला, मग आत गेल्यावर त्याला आपली सीट दिसेना. ऑनलाइन आरक्षण करून आलेला माणूस मोबाइल पुढं करत उभा असतो आणि सीटवर एक मळकी दस्ती शांत पडलेली असते. लोक दोघांकडे आळीपाळीनं बघतात आणि न्याय दस्तीच्या बाजूनं होतो. टाकणारा निदान पळाला तरी होता.

हे ज्याला कळलं त्याला रेल्वेचं भांडणही कळतं. 2017 मध्ये लातूर-मुंबई गाडी आठवड्यातून तीन दिवस बिदरपर्यंत नेली, तेव्हा लातूरकर रस्त्यावर उतरले. बाहेरच्यांना वाटलं, हे काय, शेजारच्या गावाला गाडी गेली तर यांचं काय जातं? जातं ते दस्ती टाकायचं पहिलेपण. गाडी लातुरातून सुटते तेव्हा ती रिकामी उभी असते आणि लातूरकर तिच्यात राजासारखा चढतो. बिदरहून आली की तिच्यात आधीच कुणीतरी पाय पसरून झोपलेलं असतं आणि ते कन्नडमध्ये घोरत असतं.

लातूरची गंजगोलाई पाहिल्याशिवाय बसणं म्हणजे काय ते कळणार नाही. 1917 साली फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं आखलेली ही गोल पेठ, तिला चारी बाजूंनी 16 रस्ते येऊन मिळतात, मधोमध जगदंबेचं देऊळ. आखणाऱ्यानं सगळ्याचा विचार केला होता, पण वर्तुळाला कोपरा नसतो. त्यामुळं गोलाईत 'कोपऱ्यावर बस, आलोच' असं कुणाला सांगता येत नाही. माणूस बसायला जागा शोधत गोल फिरतो आणि सोळा रस्ते ओलांडून पुन्हा पहिल्या डालग्यापाशी येतो. मग तिथली भाजीवालीच म्हणते, "मामा, किती फिरलालाव, बसा की." आणि रिकामं डालगं पालथं घालते. डालगं करकरतं, पण धरतं. आमच्या सासऱ्यांचं म्हणणं, की गोलाईची ओळख सोळा रस्त्यांनी होत नाही, सोळा रस्त्यांवर आपलं डालगं कुठलं हे ज्याला माहीत तो लातूरकर. सासऱ्यांनाही आम्ही मामाच म्हणतो. चहावाले मामा, कंडक्टर मामा, सासरे मामा. पाय ठेवायला जागा देतो तो मामा, असा काहीतरी नियम असावा.

ट्यूशन एरियात बसणारे वेगळे. लातूर पॅटर्ननं राज्यभरातली मुलं इथं आणली आणि मुलांच्या मागं त्यांचे आईबाप आले. मुलं आत नीटचा पेपर सोडवतात, बाप बाहेर तीन तास. हा बाप मुखेडचा असतो, जिंतूरचा असतो, पुसदचा असतो. त्याला फुटपाथवर टेकायचं असतं, पण धोतर किंवा पँट आजच्यापुरती धुतलेली असते. क्लासची जाहिरात वाटणारं पोरगं त्याच्या हातात गुळगुळीत कागद देऊन जातं. एका बाजूला टॉपरांचे फोटो, दुसऱ्या बाजूला फीचा तक्ता. बाप तो कागद अंथरताना क्षणभर थबकतो. टॉपरांच्या तोंडावर बसायचं म्हणजे विद्येवर बसल्यासारखं, आणि पोराचं वर्ष महत्त्वाचं. मग तो फोटो जमिनीकडे करतो, फीचा तक्ता वर येतो आणि तो त्यावर बसतो. तो सारखा इकडून तिकडं का हलत असतो, ते मी एकदा तक्ता वाचल्यावर समजलो.

सासुरवाडीच्या गल्लीत रात्री लाइट गेली की सगळी घरं बाहेर येतात. कुणी पायरीवर, कुणी पोत्यावर, कुणी आडव्या केलेल्या शिडीवर. फक्त माझ्यासाठी आतून लाकडी खुर्ची येते, हाताची. ती गल्लीच्या मधोमध ठेवतात. "जावईबापू, बसा." बाकीचे तिघं एका बाजेवर आडवेतिडवे पडून हसत असतात आणि मी दोन्ही हात दोन हातांवर ठेवून, आरोपीसारखा ताठ. जावयाला खाली बसू देणं हा गल्लीचा अपमान असतो. बारा वर्षं झाली, त्या बाजेवर मला अजून जागा मिळालेली नाही.

त्या गल्लीतच मला एक गोष्ट उशिरा दिसली. पुरुष बसतात ते रिकाम्या हातानं. बायका बसतात तेव्हा हातात काहीतरी असतंच. मेथी, शेंगा, वाती, सुपातले तांदूळ. पुरुष रिकामा बसला तर तो नुसता बसलेला असतो, बाई रिकामी बसली तर तिला काही काम नाही का, असं होतं. म्हणून मेथीची जुडी हा बसण्याचा परवाना आहे. आमच्या सासूबाईंना मी एकच जुडी तीन संध्याकाळी निवडताना पाहिलंय. पहिल्या दिवशी पानं, दुसऱ्या दिवशी काड्या, तिसऱ्या दिवशी मेथी सुकून गेली होती पण गोष्ट रंगात आली होती. बागेत बाकड्यांची आखणी करणाऱ्यांनी बाकड्याशेजारी मेथी निवडून टाकायला एखादी टोपली ठेवली, तर बागेत बायकांची गर्दी होईल, असा माझा दावा आहे.

लातूर जिल्ह्यात घराबाहेर बसण्याला एक काळी कडाही आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. जे वाचले त्यांनी पुढं कित्येक रात्री बाजा रस्त्यात टाकल्या. मेव्हणा तेव्हा लहान होता, त्याला त्या दिवसांतलं आठवतं ते एवढंच, की मोठी माणसं भिंतीला टेकून बसत नव्हती. नंतर पुनर्वसनाची गावं उभी राहिली. रस्ते सरळ, प्लॉट सारखे, घरं एका रांगेत. पार मात्र सिमेंटचा ओतून होत नाही. त्याला आधी झाड लागतं आणि झाडाला वीसेक वर्षं. मधल्या काळात लोक कुठं बसत होते ते कुठल्याच नकाशात नाही.

आणि 2016 चा उन्हाळा. 12 एप्रिलला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. त्याआधी मार्चमध्येच पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती, पाच माणसं एकत्र दिसता कामा नयेत. टँकरच्या रांगेत तेव्हा एक भाषा तयार झाली होती. सुलटी घागर म्हणजे नंबर, उलटी घागर म्हणजे तिवई. टँकरचा आवाज आला की सगळी गल्ली एकदम उठायची आणि शंभर तिवयांच्या क्षणात शंभर घागरी व्हायच्या. मेव्हणा म्हणतो, त्या महिन्यात उलटी घागर बघितली की पोटात खड्डा पडायचा. अजून पडतो, म्हणून तो घागरीवर बसत नाही.

लोकांनी बसू नये म्हणूनही डोकं चालवणारे आहेतच. मुंबईत फोर्ट भागात 2018 मध्ये एका बँकेनं दारासमोरच्या कठड्यावर लोखंडी सुळे लावले होते. गवगवा झाल्यावर काढले. आमच्याकडे एवढा खर्च करत नाहीत. दुकानदार सकाळी पायरीवर बादलीभर पाणी ओततो, झालं. दुपारी पुन्हा ओततो. पायरी कधीच घाण नसते, पण कधीच कोरडीही नसते. याहून वरचा उपाय म्हणजे देवाच्या फरश्या. मुळात त्या थुंकू नये म्हणून भिंतीला लावतात, पण कठड्याच्या वर बरोबर पाठीच्या उंचीला लावल्या की टेकताही येत नाही. गजाननाला, साईबाबांना आणि मक्केच्या चित्राला एकाच रांगेत पाठ कशी लावणार? सर्वधर्मसमभावाचा इतका काटेकोर वापर मी दुसरीकडे पाहिला नाही.

परवा मामांच्या गाड्यावर प्लास्टिकची खुर्ची आली. हेन्री मासोने नावाच्या फ्रेंच माणसानं 1972 च्या सुमाराला एका साच्यातून, एका दमात अख्खी खुर्ची काढली होती. तिचीच ही पणती. पाठीवर कुठल्याशा मंडपवाल्याचा छाप होता, म्हणजे ती कुणाच्या तरी लग्नातून परत जायची विसरलेली. एक पाय तुटलेला. मामांनी दुसरी एक तुटकी खुर्ची मिळवली, तिचा वेगळा पाय तुटलेला होता. दोन्ही एकावर एक ठेवल्या, तारेनं चार टाके घातले आणि चार पायांची एक खुर्ची झाली. फ्रेंच माणसाला हे सुचलं नसतं, त्याच्याकडे सगळ्या खुर्च्या धड होत्या. एवढं करून तिच्यावर कुणी बसत नाही. तिच्यावर मामांचा रेडिओ असतो. गिऱ्हाइकाला खुर्ची दिली तर ते उठत नाही, डबा दिला तर दोन चहात उठतं, असं मामांनी एकदा सांगून टाकलं. सहा वर्षं मी ज्याला आदरातिथ्य समजत होतो त्याच्या बुडाशी हे गणित होतं. तरी फडकं झटकतात हेही खरं, आणि ते कुणी सांगितलेलं नाही.

आज सकाळी गेलो तर डबा जागेवर नव्हता. बाकड्यापाशी होता. एक पेंटर त्याच्यावर बसून बाकड्याच्या पाठीवरचं नाव नव्यानं काढत होता. आडनावाशी पोचला होता. जुन्या पक्षाचा रंग खरवडून खाली नवं अस्तर दिलेलं, ओलं. म्हणजे बाकड्यावर बसायची सोय नव्हती. मी म्हटलं, "तुम्ही बाकड्यावर बसून का नाही काढत?" तो म्हणाला, "सर, नाव पाठीमागं हाय. बसलं की दिसत नाही."

मग त्यानं उठून डबा थोडा सरकवला, चार बोटं, आणि पुन्हा बसला.

मी उभाच होतो. मामांनी गाड्याखाली वाकून बघितलं, विटांकडे बघितलं, रेडिओकडे बघितलं. मग दुधाचं कॅरेट रिकामं केलं, पिशव्या एका पातेल्यात घातल्या, कॅरेट आडवं केलं आणि खांद्यावरचं फडकं ओढलं.